मापावरची शीग

वरच्या मजल्यावरची मुलगी परवा संध्याकाळी पीठ मागायला आली. नुकतीच ऑफिसातून परतलेली, खांद्यावरची पिशवीसुद्धा तशीच, हातात स्वतःचाच एक रिकामा डबा. "काकू, थोडी कणीक मिळेल का? आईबाबा अचानक आलेत, आणि घरात पीठच नाही." मी डबा भरून दिला. जिना चढताना तिचं "थँक यू" ऐकू आलं. मी ओट्यावर सांडलेलं पीठ पुसत होते तेवढ्यात फोन वाजला. तिनं तीस रुपये पाठवले होते, खाली लिहिलं होतं, 'कणकेचे.' त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मुलगी सरळ आहे, भेटली की थांबून बोलते, लिफ्ट बंद असली की माझ्या हातातलं सामान घेते. तरी त्या रात्री झोप लागेना. पैसे परत पाठवावेत असंही वाटलं नाही आणि आले ते बरं झालं असंही वाटलं नाही. डोळ्यांपुढे सारखी आई येत होती, चुलीपाशी उकिडवी बसलेली, पुढ्यात पिठाचं चिपटं, म्हणजे पाव शेराचं माप, आणि त्या चिपट्यावर उजव्या हातानं हळूहळू उभी राहणारी पिठाची शीग, काठावरचा ढीग.

आमचं गाव साताऱ्याकडच्या माण तालुक्यातलं. तिकडच्या माणसाला दुष्काळ नवा नाही, पण 1972 चा दुष्काळ नुसता 'बहात्तरचा' म्हटला की पुरतो. त्याआधीची दोन वर्षंही ओढीचीच गेली होती, त्यामुळे त्या साली पाऊस फिरकला नाही तेव्हा कणग्यांचा तळ आधीच दिसत होता. जमिनीतली धान्याची पेवं तर केव्हाच उघडून झाडून घेतलेली. वडील मुंबईला गोदीत, त्यांची मनीऑर्डर कधी यायची, कधी लांबायची. माणगंगेच्या वाळूत बायका झिरे काढून बसायच्या, वाटीनं पाणी भरायच्या, आणि वाळवंटात इकडं एक, तिकडं एक अशा घागरी दिवसभर चमकत असायच्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. तिचं पीठ विटकरी दिसायचं आणि त्याला चिकटपणा कसला तो नाही. आई कढत पाण्यात मळायची, तळव्यानं रगडायची, तरी भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्याच. तव्यावर टाकताना अर्धी हातात राहायची. भाजल्यावर तिला येणारा कोंदट वास मला आजही नेमका आठवतो, जवळपास कुठेच काही भाजत नसलं तरी.

पीठ उसनं आणणं ही त्या दिवसांत रोजची गोष्ट होती. कुणाचं दळण राहिलेलं, कुणाचं रेशन आलेलं नाही, कुणाकडे दळायला पैसे नाहीत. 1956 च्या कायद्यानं देशात किलो आणि लिटर आणले होते, रेशनच्या दुकानात काटाही होता, पण बायकांच्या देवघेवीत चिपटं आणि मापटंच चालायचं. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे पाढे मी शाळेच्या आधी चुलीपाशी शिकले. आईचा नियम एवढाच होता, "आणताना बोट फिरवून आणायचं, देताना शीग लावून द्यायचं." म्हणजे शेजारणीकडून घेताना मापाच्या काठावरून बोट फिरवून वरचं पीठ तिच्याच डब्यात पाडायचं, आणि परत करायची वेळ आली की काठाच्या वर जेवढं उभं राहील तेवढं रचून न्यायचं.

पण ती नुसती शीग लावून थांबत नसे. पीठ चाळलं की फुगतं, तेवढंच माप कमी पिठात भरतं. हे तिला ठाऊक होतं, म्हणून परतीचं पीठ ती चाळणीखालून काढून लगेच भरायची नाही. चिपट्यात घालायची, चिपटं जमिनीवर दोनदा अलगद आपटायची, पीठ बसलं की वर पुन्हा घालायची, पुन्हा आपटायची. मग शीग. मग त्यावर हात न लावता स्वच्छ फडकं. ते चिपटं मी दोन्ही हातांनी धरून आळीतून चालायचे. टोकाला असलेलं पीठ वाऱ्यानं उडू नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, आडवी आडवी. फडक्यातून बोटांना पिठाची ऊब लागायची, जात्यातून नुकतंच उतरलेलं असलं तर जास्तच. शेजारच्या अक्काच्या उंबऱ्यात पोचले की ती फडकं काढून बघायची आणि म्हणायची, "आईला सांग, इतकं कशाला गं!" दर वेळी हेच. आणि दर वेळी मला अभिमान वाटायचा. आपल्या घरात काय शिजलंय याचा त्या वेळी विसर पडायचा.

आई खडी फोडायला जायची. त्या साली आमच्या भागात ज्याच्या अंगात जोर होता तो प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दुष्काळी कामावर होता. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि जिथं तिथं खडीचे ढीग. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा मला दिसायचे ते फक्त आमच्या रस्त्याकडेचे बायकांचे वाकलेले पाठकणे आणि हातोड्यांचा एकमेकींत मिसळणारा आवाज. कधी सुट्टीच्या दिवशी मी तिथं, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या आशेनं जायचे. आई तिच्या वाटची सुकडी पदराच्या टोकाला बांधून ठेवायची. तेलकट, गुळचट, जराशी करपलेली, आणि पदराला बांधल्यामुळे घामाचा आणि दगडाच्या भुकटीचा वास लागलेली. आम्ही दोघी बहिणी ती चिमटीचिमटीनं खायचो.

तिथंच मी दुसरी शीग पाहिली. फोडलेली खडी मोजायला बिनबुडाची लाकडी पेटी असायची. ती जमिनीवर ठेवून खडीनं भरायची, उचलायची, की एक माप झालं. त्यावरून बरास, म्हणजे शंभर घनफूट, धरायची आणि त्यावर मजुरी. मोजणारा माणूस पेटी काठापर्यंत भरली तरी ती उचलू द्यायचा नाही. "अजून टाक," म्हणायचा. वर उभा ढीग झाला, खडे बाजूंनी घरंगळायला लागले, की मग म्हणायचा, "हं, उचला." त्या वरच्या खडीचा पैसा कुणालाच मिळत नसे. मी पुढे आयुष्यभर गणित शिकवलं, तेव्हा मुलांना हे काढून दाखवत असे. ढिगाचा उतार एका मर्यादेपलीकडे चढत नाही, वर टाकलेलं घसरतं. म्हणून मापाचं तोंड दुप्पट रुंद झालं की त्यावर राहणारी शीग दुप्पट होत नाही, आठपट होते. चिपट्यावरची शीग म्हणजे मूठभर पीठ. त्या रुंद पेटीवरची शीग म्हणजे एका बाईच्या दुपारभराच्या कामाचा मोठा वाटा. आई हिशेब शिकलेली नव्हती. पण त्या पेटीकडे बघताना तिचा जबडा कसा आवळला जायचा ते मी पाहिलंय. संध्याकाळी घरी येऊन हाताच्या फोडांना तेल लावून झालं की तीच बाई कुणाचं तरी चिपटं पुढ्यात ओढायची आणि आपल्या हातानं, कुणी न सांगता, वर ढीग रचायची. कुणी ओरबाडून घेतं म्हणून ही द्यायची थांबली नाही, हे मला त्या वयात कोड्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर मला तिचा रागही यायचा.

कारण त्या मुठीला आमच्या घरात किंमत होती. थोरली बहीण एकदा सरळ म्हणाली, "आपल्यालाच पुरत न्हाई, मग वर कशाला घालतीस?" आई काही बोलली नाही. तिनं शीग लावली, फडकं टाकलं आणि मला हाक मारली. त्या रात्री आमच्या दोघींच्या ताटात नेहमीएवढीच भाकरी होती. आईचं ताट मी पाहिल्याचं आठवत नाही. ती आम्ही झोपल्यावर जेवायची असं आम्ही धरून चाललो होतो. शिगेचं ते पीठ कुणाच्या ताटातून वर चढत होतं, हा प्रश्न मला मोठेपणी पडला. बहिणीला विचारलं, तर तिलाही आईला जेवताना पाहिल्याचं त्या सालातलं एकही दृश्य आठवेना. आईला पुढे कधी विचारलं की ती म्हणायची, "तवा समद्यांचंच तसं हुतं," आणि विषय निवायचा. तिच्या या वागण्याला मी नुसतं थोर म्हणू शकत नाही. तिच्या मुलीच्या नात्यानं मला त्यात दुखतं. कुणीतरी तिचं मनगट धरून, "आधी तू खा" म्हणायला हवं होतं.

शेजारची अक्काही तेच करायची, हे मला फार उशिरा उमगलं. तिच्याकडून आमच्याकडे परत येणाऱ्या चिपट्यावरही शीग असायची, आणि आई फडकं काढून म्हणायची, "बघ गं, इतकं कशाला!" म्हणजे दोन्ही घरांत मिळून पीठ होतं तेवढंच होतं. शीग इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची. बेरीज वाढत नव्हती. मी कधीकधी वर्गात मनाशीच हा हिशेब मांडायचे आणि थांबायचे, कारण बेरजेत जे दिसत नव्हतं ते दाराशी दिसायचं. शीग लावून परत देणारी बाई पुन्हा मागायला जाताना मान खाली घालत नाही. तिला कडी वाजवायला अवघड वाटत नाही. आणि वरचं ते मूठभर जादा असल्यामुळे घेणारीकडेच थोडं देणं राहतं, मग तिला पुढच्या वेळी द्यावंच लागतं. दोन्ही घरांनी मिळून ते खातं कधी बंद होऊच दिलं नाही. ज्या आठवड्यात जिच्या घरी चूल थंड, तिच्या घरी दुसरीचं पीठ. बँक, विमा, बचतगट यांतलं काहीही आळीत पोचलेलं नव्हतं तेव्हा.

पण त्या खात्यात शिरायचं तर परत देण्याची ऐपत हवी.

आमच्या आळीच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला एक आजी राहायच्या. मुलगा परगावी गेलेला, त्याचा काही निरोप नाही. खडीवर त्या सुरुवातीला आल्या, पण हातोडी पेलेना. दुष्काळी कामांमागचा विचार मोठा होता, हे मी आजही मानते. माणसाला भीक नको, काम द्यायचं आणि कामाचे पैसे द्यायचे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी याच विचारावर उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि काम मागणं हा आमच्या राज्यात हक्क ठरला. आई तर म्हणायचीच, "फुकटचं नगं, काम हाय न्हवं?" पण ज्याच्या हातात हातोडी टिकत नाही त्याला या विचारात जागा कुठे होती? आणि आमच्या बायकांच्या शिगेच्या रीतीतही त्या आजींना जागा नव्हती. परत देता येणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मागणंच सोडलं. आळीतून जाताना त्या कुणाच्या दाराकडे बघायच्या नाहीत. वर मान करून, पदर नीट घेऊन, भराभर जायच्या. आईच्या लक्षात आलं ते त्या भराभर चालण्यावरूनच. "म्हातारीच्या घरातनं धूर दिसंना," ती एका सकाळी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं चिपटं भरलं. आपटून, बसवून, पुन्हा भरून, वर शीग. फडकं टाकलं, आणि मला जवळ बसवून पढवलं, "जा, आजीला दे. आणि म्हण, आमच्या आजीनं मागं तुमच्याकडनं पीठ आणलं हुतं, ते द्यायचं राह्यलं हुतं. आईला आज याद आली." मी म्हटलं, "पण आजी तर कवाच गेली." आई म्हणाली, "म्हणूनच." एवढंच. खोटं बोललं की जेवायला न देणारी ही बाई. बाजारात दुकानदाराकडून चुकून जास्त आलेले पैसे परत द्यायला मला भर उन्हात मागे पिटाळणारी. तिनं मला एक पूर्ण खोटं, पाठ करून घेऊन, हातात पिठासकट दिलं होतं.

वाटभर मी ते वाक्य घोकत गेले. आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. घरात अंधार, चुलीत राखसुद्धा जुनी, गार. मी वाक्य म्हटलं. घाईत म्हटलं, शेवटचे शब्द एकमेकांत अडकले. आजींनी फडकं उचललं आणि शिगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचे डोळे बारीक होते, पांढुरके, पण माझ्यावर पक्के रोखलेले. त्यांना कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलं. मी पळायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "व्हय गं. राह्यलं हुतं खरं. तुझी आजी लई चोख बाई, तिच्या जिवाला लागून राह्यलं आसंल." आणि मग त्यांनी चिपटं रिकामं करून दिलं नाही. आधी उठल्या, फडताळातून स्वतःचं माप काढलं, त्यात ते पीठ घातलं, काठावरून बोट फिरवलं आणि वर उरलेलं पीठ माझ्या चिपट्यात परत टाकलं. "घेताना बोट फिरवून घ्यावं," त्या म्हणाल्या. "आईला सांग, फिटलं."

ते परत आलेलं मूठभर पीठ मी आईपुढे ठेवलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मग पदरानं डोळे पुसत राहिली. आपण काय केलं हे तिनं मला कधी समजावून सांगितलं नाही. मला वाटतं ते तिला सांगता आलंही नसतं. पण तिनं मला खोटं बोलायला शिकवलं आणि मी खोटी झाले नाही, हे कसं, याचा विचार मी शिक्षिका झाल्यावर पुष्कळ केला. वर्गात ज्या मुलांकडे वही नसायची त्यांना सगळ्यांदेखत वही देणाऱ्या दात्यांचे कार्यक्रम मी पाहिलेत. मुलं रांगेत उभी, समोर फोटो काढणारा, आणि वही घेताना मुलाची नजर जमिनीवर. त्या प्रत्येक वेळी मला चिपट्याच्या काठावरून फिरणारं आजींचं ते बोट आठवलं आहे. आईनं आजींना पीठ दिलं ही त्यातली छोटी गोष्ट. तिनं आजींना घेणेकरी केलं. ज्या बाईला आळीत कुणाकडून काही मागता येत नव्हतं, तिचं आमच्याकडे येणं निघत होतं असं तिनं ठरवून टाकलं, आणि त्यासाठी मेलेल्या सासूच्या नावावर कर्ज चढवलं. सासूबाई असत्या तर त्यांनीही ते आनंदानं अंगावर घेतलं असतं, असं आई पुढे म्हणायची.

तीस रुपये पाठवणाऱ्या त्या मुलीला मी काही बोलले नाही. तिलाही कुणाचं मिंधं राहायचं नाही, आणि तो स्वभाव मला परका नाही. आईला ती आवडली असती. मला खुपतं ते एवढंच, की तिनं हिशेब त्याच मिनिटाला पूर्ण करून टाकला. आता तिला माझ्या दाराशी यायला काही निमित्त उरलं नाही आणि मला तिच्याकडे जायला. म्हणून काल मीच वर गेले आणि तिच्याकडे थोडं विरजण मागितलं. घरात होतं, तरी मागितलं.

1973 चा पाऊस चांगला झाला. माणसं कामांवरून शेतात परतली, रब्बीला शाळू पेरला आणि तो असा आला की कणसांच्या वजनानं ताटं वाकली. खळी झाली तेव्हा आजी एका सकाळी आमच्या दारात आल्या, पाटीत नवा शाळू, मोत्यासारखा पांढरा. त्यांचा मुलगा परतला होता, त्याच्याच पेऱ्यातला. आई ओट्यावर भांडी घासत होती. आजी म्हणाल्या, "हे घे. तुझ्या सासूकडनं मी शाळू नेला हुता मागं, त्यो द्यायचा राह्यला हुता." आईचे राखेचे हात तसेच थांबले. ती काही म्हणू शकत नव्हती. नाही म्हटलं असतं तर तिचं स्वतःचं वाक्य खोटं ठरलं असतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना. आजी तर उंबऱ्यात बसूनच हसल्या, खोकला लागेपर्यंत. आईनं हात धुतले, आतून मापटं आणलं. मापट्यानं शाळू कणगीत टाकायला लागली, प्रत्येक वेळी काठावरून बोट फिरवत, आणि पाटीच्या तळाशी उरलेला शाळू आजींना परत घ्यायला लावू लागली. आजी ऐकेनात. शेवटी पाटी आमच्याकडेच ठेवून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आईनं ती पाटी घासून उन्हात वाळवली, घरातल्या शेंगांनी भरली, शीग लावली आणि मला हाक मारली, "जा, आजीची पाटी देऊन ये. इचारलं तर सांग, मामंजींचं राह्यलं हुतं."